भैरूच्या वाट्याचं दही

काशीतल्या आमच्या दुर्गाघाटावर मरणाचं कोणाला काही वाटत नाही. गल्लीतून तिरडी निघाली की आम्ही भाजीची पिशवी पोटाशी धरून भिंतीला चिकटतो, आणि ती पुढे गेली की दुधी भोपळ्याची घासाघीस तिथूनच पुढे सुरू. पण कुत्रं रडलं की हीच माणसं पांढरीफटक पडतात. भुंकलं तर चालतं. मान वर करून, गळा काढून रडलं की खिडक्या धडाधड लागतात आणि जो तो आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे चोरून बघतो. मी जन्मभर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. असल्या खुळांचा मला मनस्वी राग. तरीही सांगते, त्या वर्षी भैरू रडायला लागला की माझ्या हातातलं लाटणं थांबायचं.

भैरू म्हणजे नरहर मोघ्यांचा कुत्रा. नरहरभाऊजी समोरच्या घरात पहिल्या मजल्यावर राहायचे, मी इकडच्या पहिल्या मजल्यावर. गल्ली एवढी अरुंद की त्यांच्या खिडकीतून निघालेली आमटीची वाटी माझ्या खिडकीत न सांडता पोचायची. नातं काही नव्हतं. त्यांची बायको इंदू मला वहिनी म्हणायची, म्हणून तेही म्हणायचे.

त्यांचे वडील यात्रेकरूंचे उपाध्याय. महाराष्ट्रातून कोणी गंगेवर आलं की त्यांच्याच घरी उतरायचं. थोरल्या भावानं ती गादी चालवली. नरहरभाऊजी मात्र वेदशाळेत रमले नाहीत. ते नदीपलीकडे मुगलसरायला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागले आणि रिटायर होईपर्यंत रोज तिकडे जाऊन आले. माणूस गरीब गाय. कोणी पायावर पाय दिला तर हेच म्हणणार, माफ करा. फक्त एका बाबतीत हट्टी. तळहातावर दही घेतल्याशिवाय त्यांनी कधी उंबरा ओलांडला नाही.

आधी आई द्यायची, मग इंदू. परगावी जाताना दही सगळेच खातात, ह्यांना रोज मुगलसरायला जायलाही लागायचं. त्यांचा सरळ हिशेब होता: घरचं दही खाऊन निघालेला माणूस घरी परत येतो. एकदा मांजरानं दही सांडलं, तर हे खिडकीतून माझ्याकडे हात पसरून उभे. "वहिनी, पळीभर मिळेल?"

मी म्हटलं, "भाऊजी, तुमची गाडी इंजिनावर चालते का दह्यावर?"

ते हसले, पण हात मागे घेतला नाही. दही चाटलं, तळवा धोतराला पुसला आणि धावत सुटले.

भैरूला आणलं इंदूनं. काळभैरवाच्या मागच्या गल्लीत नाल्याशी पडलेलं पिल्लू, तांबूस रंगाचं, एक कान मोडलेला. ते पदराखाली घालून घरी आली. थोरल्या दिरांनी त्या दिवसापासून त्या घरचं पाणी सोडलं. सोवळ्याच्या घरात कुत्रं म्हणजे काय! इंदू म्हणाली, "भैरवनाथाचं वाहन आहे. तुम्हीच हाकलून दाखवा." काशीत कोण हाकलतो? भैरवनाथ काशीचा कोतवाल, त्याच्या जनावरावर हात टाकायची कोणाची छाती नाही.

रोज सकाळी ती भाऊजींच्या तळहातावर दही ठेवायची आणि वाटीत उरलेलं भैरूला द्यायची. भाऊजी जिना उतरायचे, इंदू घरातच असायची, भैरू वाटी चाटूनपुसून तिच्या पायांवर झोपायचा. तेव्हा त्याला कसली भीती म्हणून नव्हती. दही म्हणजे सणच.

मग इंदूचं पोट दुखायला लागलं. तिनं ते पुष्कळ दिवस अंगावर काढलं, बायका काढतातच. शेवटी न्यायची वेळ आली तेव्हा तिला खुर्चीत बसवून घाटापर्यंत उतरवायचं आणि नावेनं अस्सी घाटाला आणि तिथून दवाखान्यात न्यायचं ठरलं, कारण आमच्या गल्लीत गाडी कुठली येणार. नरहरभाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातावर दही ठेवलं. इंदूनं एकदा दह्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीभोवती कुंकुं करत फिरणाऱ्या भैरूकडे. आणि तळहात त्याच्या तोंडापुढे धरला. त्यानं तो स्वच्छ चाटला.

"येते रे," ती त्याला कापऱ्या आवाजात म्हणाली. ती दवाखान्यातून मणिकर्णिकेलाच गेली, घरी आलीच नाही.

तेराव्याला सगळी पांगल्यावर भाऊजी खिडकीत आले. म्हणाले, "वहिनी, तिनं तिच्या वाट्याचं दही भैरूला दिलं."

"मग?" मी म्हटलं. "आजार पोटात होता का दह्यात? शिकलेसवरलेले आहात, असलं काही बोलू नका."

"मी नुसतं सांगतोय," ते म्हणाले आणि खिडकीतून दूर झाले.

नुसतं सांगत नव्हते. त्या दिवसापासून ते दोन वाट्या भरायला लागले. कुठंही जायचं असो, मंगळागौरीच्या देवळात, पेन्शनला, कोपऱ्यावर पानाला, आधी भैरूच्या वाट्याचं दही, मग स्वतःचं. कोणाचं कोणाला कमी पडायला नको! मग खाली बसून त्याचं तोंड दोन्ही हातांत धरायचं. "येतो हं बाळा. लगेच येतो. रडायचं नाही. मी येणार आहे ना?" माणसाच्या डोळ्यांत पाणी, आवाज कापरा. आणि त्या मुक्या जिवाला एवढंच ठाऊक की मागच्या वेळी दही असंच आलं होतं, आवाज असाच कापला होता, आणि दह्याचा हात गेला तो गेलाच.

आधी तो नुसता थरथरायचा. मग दार खरवडायला लागला. भाऊजी परत येईपर्यंत दाराच्या खालच्या फळीवर रक्ताचे ओरखडे. कडी चावून एक दात तुटला. इंदूचं जुनं लुगडं दांडीवरून ओढून त्यात तोंड खुपसून बसायचा. पुढं पुढं कपाटातली वाटी वाजली तरी जागच्या जागी मुतायचा. आणि दार लागलं की मान वर करून तो आवाज काढायचा. भर दुपारी, लख्ख उन्हात तो आवाज गल्लीत उतरला की अंगावर काटा यायचा, खोटं का बोलू?

भाऊजींच्या वरच्या मजल्यावर ढुंढिराजशास्त्री अंथरुणाला खिळलेले. त्यांनी जन्मभर लोकांना पटवून दिलं की काशीत मरण येणं हे भाग्य, साक्षात शंकर कानात मंत्र सांगतो. आता स्वतःचा कान जवळ आला तर म्हाताऱ्याची पाचावर धारण बसलेली. भैरू रडला की वरून बारीक आवाज यायचा, "प्रमोदिनी, माझ्यासाठी का गं?"

त्यांची सून प्रमोदिनी खिडकीत येऊन करवादायची, "मोघेकाका, अहो बंद करा ते! मामंजींचा जीव घाबरा होतोय!"

त्यात कोपऱ्यावरच्या पानवाल्याची आई गेली. त्याच आठवड्यात पलीकडच्या वाड्यातली एक बाळंतीण गेली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. पण मोहल्ला झाला सुरू. भैरो रोता है, किसी को लेके ही मानेगा. विष घाला म्हणणारे निघाले, आणि भैरवनाथाचा कोप होईल म्हणून त्यांचे हात धरणारेही निघाले. शेवटी चार शहाणे भाऊजींकडे गेले आणि म्हणाले, बाबूजी, तुम्ही बाहेर गेल्यावर तो रडतो ना? मग बाहेर जाऊ नका.

आणि ह्या माणसानं ते ऐकलं!

गंगास्नान बंद. देऊळ बंद. खिडकीतून दोरीला टोपली बांधून भाजी वर घ्यायची. दूध मी द्यायची. एकदा मी भैरूला माझ्याकडे आणून बघितलं, म्हटलं सोबत असली तर राहील. त्यानं माझ्या खिडकीच्या गजांत डोकं घातलं आणि अडकवून घेतलं, सुतार बोलवावा लागला. त्याला सोबत नको होती. त्याला ते हवे होते.

वर्ष असं गेलं. माघातल्या एका सकाळी मी खिडकीतून दुधाचं भांडं पुढे केलं, तर भाऊजींचा हात भांड्यापर्यंत येईना. एवढी थंडी, आणि कपाळावर घाम. "काही नाही, धोतर नेसताना दम लागला," म्हणाले.

"धोतर नेसताना?" मी तशीच जिना उतरले आणि डॉक्टरला घेऊन आले. त्यानं छाती तपासली, जुने कागद पाहिले आणि म्हणाला, हृदयाचं दुखणं आहे, दवाखान्यात भरती व्हा, बहुतेक ऑपरेशन लागेल. दिवस काढू नका.

भाऊजींनी विचारलं, "किती दिवस राहावं लागेल?"

"आठ-पंधरा दिवस तरी."

त्यांनी पलंगाखाली बघितलं. तिथं भैरू त्यांच्या चपलेवर हनुवटी ठेवून पडला होता. "मग नाही जमायचं," ते म्हणाले.

मी जी भडकले! "कुत्र्यासाठी मरणार आहात का?"

"वहिनी, मी गेलो तर हा दारावर डोकं आपटून घेईल. तुम्ही बघितलंत ना गजांत काय केलं ते. इंदू जाताना मला काही बोलली नाही. जे बोलायचं ते त्याच्याशी बोलली. म्हणजे त्याला माझ्यावर सोडून गेली ना?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. भाऊजी घराबाहेर पडले तर कुत्रा जीव देणार, न पडले तर भाऊजींचा जाणार. त्यांची मुलगी मृणालिनी पुण्याहून फोनवर रडली, ओरडली, येऊन पण गेली. काही फरक नाही. कुत्र्याचं दुखणं बरं झाल्याशिवाय माणूस हलणार नव्हता.

म्हणून मी गावाच्या दुसऱ्या टोकाहून, सिगऱ्याहून जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. दिनानाथ त्यांचं नाव, जाडजूड, जिना चढून धापा टाकत आले. भैरूला हातही लावला नाही. खुर्चीत बसले आणि म्हणाले, बाबूजी, तुम्ही बाहेर जाता कसे, ते मला करून दाखवा.

भाऊजी उठले. कपाटातून वाटी काढली. तेवढ्यानंच भैरू पलंगाखाली सरकला आणि त्याच्या दातांचा कडकड आवाज यायला लागला. भाऊजींनी त्याच्यापुढे दही ठेवलं, स्वतः खाल्लं, वाकून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "येतो हं बाळा..."

"बस, बस!" डॉक्टर म्हणाले. "बाबूजी, आप तो रोज इसको मातम का न्योता दे रहे हैं."

म्हणजे रोज सुतकाचं आमंत्रण! मग त्यांनी समजावून सांगितलं. दही बंद. निरोप बंद. जाताना त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. उठायचं, दाराबाहेर जायचं, लगेच आत यायचं, आणि आल्यावरही लाड नाहीत, जसं काही घडलंच नाही. दिवसातून पुष्कळदा. तो स्वस्थ राहिला तर थोडं जास्त वेळ, बिथरला तर पुन्हा थोडं कमी. छत्री उचलायची आणि घरातच बसायचं. चपला घालायच्या आणि पेपर वाचायचा. त्याला पटलं पाहिजे की जाणं ही काही मोठी गोष्ट नाही, जाणारा येतोच. सुरुवातीला द्यायला गोळ्याही लिहून दिल्या.

डॉक्टर गेल्यावर भाऊजी बराच वेळ वाटीकडे बघत होते. "वहिनी, दह्याशिवाय मी आयुष्यात बाहेर पडलो नाही."

"मग आता पडा."

"आणि परत नाही आलो तर?"

माझी जीभ फार तिखट आहे. मी म्हटलं, "इंदूला दिलं होतंत ना दही?"

ते हळूच म्हणाले, "तिनं खाल्लं नव्हतं."

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ते केलं. मी माझ्या खिडकीतून बघत होते. उठले, दार उघडलं आणि मोकळा हात घेऊन उंबऱ्याबाहेर पाय टाकला. एखादा माणूस खोल पाण्यात उतरतो तसा टाकला. जिन्यावर भिंत धरून उभे राहिले, ओठ पांढरे, आणि लगेच आत आले. भैरूनं डोकं वर केलं होतं, एवढंच. भाऊजी पलंगावर बसून छाती चोळत होते.

मग रोज तेच. उठा, जा, या. छत्री घ्या, बसा. इंदूच्या लुगड्याची घडी करून त्याची गादी केली. मी गूळ चोळलेली करवंटी भैरूला चघळायला द्यायची. कधी दोन दिवस बरे जायचे आणि तिसऱ्या दिवशी गल्लीत कोणाच्या हातून पितळी वाटी पडायची, की आमची सगळी मेहनत पाण्यात. भाऊजी त्याच्यावर कधी चिडले नाहीत. म्हणायचे, "शिकतोय. ह्या वयात मीही शिकतोय." मी मात्र चिडायची. "लवकर शिका दोघं, तुमच्या छातीला सवड नाही."

होळी झाली, रामनवमी झाली. भैरू खरंच सुधारला. भाऊजी घाटापर्यंत जाऊन आले, हा करवंटी धरून झोपलेला. एकदा ब्रह्माघाटापर्यंत जाऊन आले, ह्यानं एक कान हलवला. दुपारच्या गल्लीत तो आवाज येईनासा झाला. प्रमोदिनीनं आनंदानं पोहे पाठवले. शास्त्रीबुवांना झोप लागायला लागली.

मला मात्र धड आनंद होईना. कारण जसजसा भैरू शांत होत गेला तसतसे भाऊजी आतून धास्तावत गेले. बाहेर पडताना दाराच्या चौकटीला हात लावायचे, आल्यावर पुन्हा लावायचे, मग सुटल्यासारखा श्वास टाकायचे. जणू दर वेळी कोणीतरी त्यांना ह्या खेपेला सोडलं होतं. आणि जिन्याला वेळ लागायला लागला. आधी एका दमात चढायचे, आता मधेच पायरीवर बसायचे. दिवस काढू नका, असं डॉक्टरनं माघात सांगितलं होतं. वैशाख लागला होता.

"आता जा," मी म्हटलं. "आता तो राहील."

"दोन रात्री माझ्याशिवाय राहिला ना तुमच्याकडे, की जातो."

तो राहिला. गजांकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. मृणालिनी आली, अस्सीपलीकडे लंका मोहल्ल्यातल्या एका दवाखान्यात दिवस ठरला.

निघायच्या सकाळी नाव खाली घाटाला लागलेली. मी भैरूला बघायला त्यांच्या घरी गेले होते. तो लुगड्यावर पसरून झोपला होता, पाय स्वप्नात हलत होते. भाऊजींनी पांढरं धोतर नेसलं होतं. तेवढ्यात मृणालिनी आतून आली, हातात दह्याची वाटी. बिचारीला वाटलं, बाबांना बरं वाटेल. बाबा सतत ज्याची आठवण काढतात ते आज तरी मिळू दे.

"बाबा, हात करा."

भाऊजींनी वाटीकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात आपोआप पुढे आला. तळवा अर्धा उघडला. मी त्यांचा चेहरा बघत होते आणि मला त्या क्षणी सगळं विज्ञान विसरून ओरडावंसं वाटलं, खा हो, खा! मेलं ते शिक्षण, खाऊन टाका! भैरूचं नाक झोपेतच हललं. भाऊजींनी ते बघितलं. त्यांनी मूठ मिटली आणि हात पाठीमागे घेतला.

"आत ने ते," ते हळू म्हणाले. "वास जाईल त्याला."

त्याच्याकडे न बघता ते दाराबाहेर गेले. येतो म्हणाले नाहीत. आम्हीच तसं शिकवलं होतं.

जिन्यावर त्यांनी माझा दंड धरला. हात गार होता. "वहिनी, मी येईन ना?"

"न यायला काय झालंय?" मी खेकसले. "आज त्याला पोळी मी घालते. पुढच्या महिन्यात तुम्ही मला करून घाला."

ते हसले. नाव अस्सीकडे निघाली आणि वळेपर्यंत ते काठाकडेच बघत होते.

ऑपरेशन झालं, पण ते शुद्धीवर आलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं, हृदय फार थकलं होतं. बैल गेला आणि झोपा केला. गल्लीनं अर्थात वेगळंच ठरवलं. मोघे दही नाकारून गेले म्हणे, लक्ष्मीला लाथ मारली. मी प्रमोदिनीला तोंडावर सांगितलं, तुम्ही त्यांना वर्षभर घरात डांबलंत त्याचं काय ते आधी बोला. पण घरी येऊन मी माझ्याच स्वयंपाकघरात दह्याच्या भांड्यापुढे उभी राहून ढसाढसा रडले. त्यांना तेवढं एक हवं होतं हो. पळीभर. आणि त्यांनी मूठ मिटली.

आता भैरूचं ऐका. ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी हा ढाराढूर झोपला होता. ज्याच्या रडण्यानं सगळी गल्ली मरणं मोजत होती, तो खरं मरण आलं तेव्हा करवंटी कवटाळून घोरत होता. शास्त्रीबुवा प्रमोदिनीला विचारत राहिले, "कुत्रं रडलं नाही, मग कोण गेलं?"

तो जेवत होता, झोपत होता. आणि रोज संध्याकाळी उंबऱ्यात येऊन बसायचा. जिन्यावर कोणाचंही पाऊल वाजलं की शेपटी जमिनीवर आपटायची, थप थप. ते पाऊल दुसऱ्याचं निघालं की शेपटी थांबायची, पण तो उठायचा नाही. वाट बघायचा. घाबरा नाही, कासावीस नाही. दही न देता, न बोलता जो जातो तो येतो, हे आम्ही त्याला शिकवलं होतं, आणि तो फार चांगला शिकला होता. मृणालिनीला ते बघवेना. ती तोंड फिरवून आत जायची. मला त्याच्या पूर्वीच्या रडण्याची कधी एवढी भीती वाटली नव्हती, तेवढी त्या शेपटीच्या आवाजाची वाटायला लागली.

तेराव्याचा दिवस. पुतण्यानं सगळं केलं. थोरले भाऊ एवढ्या वर्षांनी त्या घरात आले आणि पाणी प्यायले. जेवणाआधी गाईचं, कावळ्याचं, कुत्र्याचं पान वाढायचं असतं. मृणालिनीनं तिन्ही पानं मांडली. गुरुजी म्हणाले, वर दहीभात वाढा. तिनं गाईच्या पानावर वाढला, कावळ्याच्या पानावर वाढला, आणि तिसऱ्या पानाशी हात थांबला.

"काकू, भैरूच्या पानावर दही नको ना? बाबांनी एवढं करून..."

भैरू उंबऱ्यातच होता. पानं बघून शेपटी हलवत होता. स्वतःच्या माणसाच्या तेराव्याचं पान, आणि शेपटी हलवत होता!

"वाढ," मी म्हटलं.

"काकू!"

"वाढ म्हणते ना. दहाव्याला घाटावर कावळ्यापुढे हात जोडून उभे राहिलो आपण. कावळ्याला सांगितलं, गंगेला सांगितलं, पुण्याच्या तुझ्या शेजाऱ्यांनासुद्धा फोन गेला. ह्याला कोणी सांगितलंय? किती दिवस बसवून ठेवायचं त्याला दारात?"

ती वाढेना. मग मीच तिच्या हातून भांडं घेतलं, पळीभर दही त्या पानावर घातलं आणि पान उंबऱ्याशी नेऊन ठेवलं.

भैरू उठला, पुढे आला, नाक खाली नेलं. शेपटी थांबली. तो पळाला नाही, थरथरला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मृणालिनीकडे पाहिलं, आम्ही कोणी कुठं निघालो नव्हतो. मग त्यानं मागे वळून कोपऱ्यातल्या त्या चपलांकडे पाहिलं, आणि जिन्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ. भाताला त्यानं तोंड लावलं नाही. उंबऱ्यावर चारी पाय रोवून मान वर केली.

तो आवाज गल्लीत उतरला. गुरुजींचा मंत्र थांबला. थोरल्या मोघ्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्याला धरलं नाही, गप्प केलं नाही, त्याच्याजवळ खाली बसले. मला वाटलं, आता खिडक्या लागणार. एकही लागली नाही. वरून फक्त म्हाताऱ्याचा बारीक आवाज आला.

"प्रमोदिनी, माझ्यासाठी का गं?"

"नाही मामंजी," प्रमोदिनी म्हणाली. "तो त्याच्या माणसासाठी रडतोय. रडू दे त्याला."